भुवईला अर्धा डबा काळा

पहिल्यांदा तू आलास तो खालच्या कोपऱ्यात,
घोड्याच्या मागच्या पायांपाशी.
नायकाचे ओठ आणि नायिकेचा पदर झाल्यावर
डब्याच्या बुडाला जो रंग उरला
त्यात मी तुला उरकला.
नाव विचारलं तर मॅनेजर म्हणाला,
नाव कशाला, लाठी खाणारा आहे.

चोपड्याकडचा झिपरू उखा कोळी,
हे फार नंतर कळलं.
तोवर तू अमरेश झाला होतास
आणि तुझी एक भुवई
माझ्या अख्ख्या हाताहून लांब.

भुसावळात, तापी टॉकीजमागच्या पत्र्याच्या शेडात
जुन्या चेहऱ्यांवर पांढऱ्याचा हात मारून,
त्याच मांजरपाटावर चौकटी आखून
तेवीस वर्षं मी तुला वाढवला.
भुवईला अर्धा डबा काळा.
गालाला गेरू जास्त, पांढरा बेताचा,
आमच्या उन्हात गोरेपण आठवड्यात पोपडे धरतं.
आखाजीला तुझा सिनेमा लागला
की केळीच्या वखारीतले हमाल पडद्यावर चिल्लर फेकायचे
आणि बाहेर येऊन, तुझ्यासारखी मान तिरपी करून
शेवभाजी मागायचे. उधारीवर.

तुझं काय चाललंय ते मला कापडावर कळायचं.
डिस्ट्रिब्युटरचा माणूस म्हणायचा,
नायिका पूस, ती गेली सोडून.
म्हणायचा, फोटोत डोळे सुजलेत, तू सुजवू नको.
म्हणायचा, कोर्टाची तारीख पडलीय,
गुंडाळून ठेव.
मग एकदा म्हणाला, दाढी लाव,
आता हा नायकाचा बाप आहे.
बाप! मी परवाच तर
तुझ्या मानेची शीर निळ्याने उठवली होती.

बायकोला भर पार्टीत मारलंस असं छापून आलं
त्या दिवशी माझी कौतिक रंग खलत होती.
तिने वाटी खाली ठेवली.
म्हणाली, ह्याचे डोळे तुम्हीच रंगवा.
मी रंगवले.
दोनशे रुपये होते, आणि मला तुझे डोळे
न बघता येत होते.
रात्री जेवताना ती बोलली नाही.
मी ताट सरकवलं, जरा जोरातच.
आमटी सांडली.

एकदाच भेटलास.
मे महिना, जंक्शनवर गाडी चार तास खोळंबलेली,
पाच नंबरवर, नळाजवळ,
उपरण्याने डोकं बांधलेला एक बारका माणूस
ओंजळीने पाणी पीत होता.
तुला कोणी ओळखलं नाही.
मी ओळखलं भुवईवरून,
तीही अर्धी पिकलेली.
म्हटलं, मी सुपडू पेंटर, तुमचे बोर्ड मी करतो.
तू वर बघितलंस, ओठ पुसलेस,
म्हणालास, मन्हं नाक इतलं सरळ नई शे, भो.
मग जरा थांबून,
घोडाजोडे व्हतू, तो बोर्ड शे का रे अजून?
मी म्हटलं, त्याच्यावर बारा सिनेमे झाले.
तू हसलास का खोकलास,
इंजिनाच्या शिट्टीत कळलं नाही.

गेलास तेव्हा चौकात फ्लेक्स लागला.
पोरांनी मोबाइलवरून फोटो काढला,
आमदाराचा चेहरा तुझ्याहून मोठा,
खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि आठ जणांचे नंबर.
मला कोणी विचारलं नाही.
विचारलं असतं तरी
कुठला चेहरा काढायचा, मी अडलोच असतो.

ते कापड आता शेळीच्या आडोशाला आहे.
सत्तेचाळीस डिग्रीत रोज एक थर सुटतो,
दाढी गेली, शीर गेली,
कोणा कोणाचे ओठ येऊन गेले.
परवा खालच्या कोपऱ्यात
गेरूचं काहीतरी वर आलं.
मी म्हटलं, घोड्याचा पाय.
कौतिक वाकून बघत राहिली.
म्हणाली, पाय नाही. हात आहे, उचललेला.

मारायला उचललाय की मार चुकवायला,
एवढ्या रंगावरून सांगता येत नाही.
शेळीने तेवढ्यात तिथे अंग घासलं.